काउंटरच्या मशीनवरचं हवामान : क्रॅश झालेल्या टास्कच्या नोंदी

४ मे
काल रात्री नऊच्या सुमारास वळीव आला. पंधरा मिनिटांत रस्ता वाहायला लागला आणि वीज गेली. यूपीएसनं जेमतेम चार मिनिटं तग धरला. त्याची बॅटरी दिवाळीतच बदलायची होती, तेव्हा राहिलं. आज सकाळी दुकान उघडून मशीन चालू केलं तर बॉइंकच्या (रिकाम्या संगणकावर विज्ञान-प्रकल्पांची गणितं चालवणारा प्रोग्राम) यादीत चारपैकी तीन टास्कपुढे (प्रकल्पानं पाठवलेलं एकेक काम) 'कॉम्प्युटेशन एरर'. एक ६१ टक्क्यांवर होतं, एक ४४ वर, एक ९ वर. चौथं का कोण जाणे सुखरूप, काही झालंच नाही अशा थाटात पुढे चाललेलं.

माझ्या या जुन्या मशीनवर एका टास्कला साडेआठ दिवस लागतात. म्हणजे ६१ टक्के हे सव्वापाच दिवसांचं काम. मी स्क्रीनकडे बघत असतानाच नेट जोडलं गेलं आणि तिन्ही टास्क 'एरर' म्हणून सर्व्हरला कळवून यादीतून गायब. आता काही करता येणार नाही.

हे तिसऱ्यांदा झालं. यापुढे लिहून ठेवायचं.

५ मे, रविवार
दुकान बंद. पोरगा (कामाला असतो तो, बारावी झालाय) काल विचारत होता, "दादा, रात्रभर मशीन नक्की काय छापतं?" त्याला सांगितलं ते इथेही.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचा क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट हा प्रकल्प २००३ पासून चालू आहे. कल्पना त्याआधीची. हवामानशास्त्रज्ञ मायल्स अ‍ॅलन यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली होती: हवामानाचं मॉडेल महासंगणकावर दोन-चार वेळा चालवण्यापेक्षा लोकांच्या घरच्या संगणकांवर हजारो वेळा, दर वेळी थोडं बदलून चालवा. मॉडेल ब्रिटिश हवामान खात्याचं, फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं. मूळ महासंगणकासाठीच. ते माझ्या काउंटरवर, लग्नपत्रिकांच्या फाइलींशेजारी चालतं याची मला अजून गंमत वाटते.

माझ्याकडे येतात ती दक्षिण आशियाची टास्क. त्यात दोन मॉडेलं एकत्र असतात. एक साऱ्या पृथ्वीचं, जाड विणीचं. दुसरं फक्त आपल्या भागाचं, ५० किलोमीटरच्या चौकोनांचं. पृथ्वीवालं एक दिवस पुढे जातं आणि थांबतं. त्यानं काढलेली हवा आपल्या भागाच्या सीमेवरून आत सोडायची, मग भागवालं तोच दिवस चालतं. अशी आळीपाळी. ५० किलोमीटरच्या चौकोनात सह्याद्री म्हणजे एक बोथट उंचवटा. सांगली, मिरज आणि जयसिंगपूर एकाच चौकोनात बसतील, म्हणजे आमच्याकडे पडला आणि तुमच्याकडे नाही हा वाद या मॉडेलात नाही. सगळे महिने ३० दिवसांचे, वर्ष ३६० दिवसांचं. ३१ मे नावाचा दिवसच नाही.

एक पूर्ण धाव म्हणजे एक वर्क युनिट. टास्क म्हणजे ती धाव पूर्ण करण्याचा, एकाला नेमून दिलेला एक प्रयत्न. एकाकडे बिघडली तर तीच धाव दुसऱ्याकडे जाते. नावाच्या शेवटी शून्य, एक, दोन असा आकडा असतो, त्यावरून कितवा प्रयत्न ते कळतं.

६ मे
मेलेल्या टास्कचे लॉग प्रकल्पाच्या साइटवर राहतात. काढून बसलो. तिन्हींत शेवटच्या ओळी जवळपास सारख्या. मशीन उठल्यावर मॉडेलनं शेवटच्या चेकपॉइंटपासून (मॉडेल मधूनमधून डिस्कवर लिहून ठेवतं ती स्वतःची स्थिती) सुरुवात केली, लगेच 'अ‍ॅक्सेस व्हायोलेशन', म्हणजे आपली नसलेली मेमरी वाचायला गेलं आणि विंडोजनं हाकललं. माझा अंदाज असा की वीज गेली त्या क्षणी चेकपॉइंटची फाइल अर्धी लिहून झाली होती. नाहीतर दोघांतलं एक मॉडेल दिवसभर पुढे आणि दुसरं मागे राहिलं. जे टास्क वाचलं ते त्या क्षणी काही लिहीत नसणार.

मागच्या वर्षीच्या एका टास्कचा लॉगही चाळला. तिथे गोष्टच वेगळी. 'इनव्हॅलिड थीटा डिटेक्टेड.' मग 'मॉडेल क्रॅश डिटेक्टेड, विल ट्राय टु रीस्टार्ट'. असं पाच-सहा वेळा, आणि शेवटी 'सॉरी, टू मेनी मॉडेल क्रॅशेस' आणि पुढे रडका चेहरा. (प्रोग्रामरनं खरंच टाकलाय तो.)

थीटा म्हणजे पोटेन्शियल टेम्परेचर. हवेचा एखादा गोळा १००० हेक्टोपास्कल दाबाला, म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या दाबाला आणला तर त्याचं जे तापमान होईल ते. केल्विनमध्ये मोजतात, त्यामुळे शून्याखाली जाऊच शकत नाही. तरी कुठल्या तरी चौकोनात आकडा भलतीकडे गेला की समजायचं, गणित फुटलं. वारा इतका जोरात झाला की गणिताच्या एका पावलात चौकोन ओलांडून गेला, किंवा ढगांच्या गणितानं एका जागी अवाच्या सवा उष्णता ओतली. मॉडेल ते तपासतं आणि स्वतःहून थांबतं.

म्हणजे मरणं दोन प्रकारची. एक यंत्राचं, एक हवेचं. इथून पुढे असंच लिहीन.

९ मे
बॅकअप घ्यायचं ठरवलं. बॉइंकचं डेटा फोल्डर विंडोजमध्ये लपवलेलं असतं. ते सापडलं, त्यातलं 'स्लॉट्स' फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. प्रत्येक चालू टास्कचं एक स्लॉट, इतकं सरळ.

११ मे
सरळ नव्हतं. नुकतंच आलेलं एक टास्क मुद्दाम बळी दिलं: बॅकअपवरचे स्लॉट परत ठेवले आणि चालू केलं. दहा सेकंदांत एरर. स्लॉटमधल्या बऱ्याच फाइली एवढ्याशा निघाल्या. आत फक्त पत्ता लिहिलेला, खरी फाइल 'प्रोजेक्ट्स' फोल्डरमध्ये. आणि या प्रकल्पात तर मॉडेलचा सगळा संसारच तिथे: टास्कच्या नावाचं फोल्डर, आत येणारा डेटा, जाणारा डेटा, रीस्टार्टच्या फाइली. मी घराच्या दारावरची पाटी तेवढी जपून ठेवली होती.

शिवाय 'क्लायंट स्टेट' नावाची फाइल असते, बॉइंकची खतावणीच. कोणतं टास्क, कुठल्या स्लॉटमध्ये, किती झालं, मेलं की जिवंत. फाइली जुन्या आणि खतावणी नवी असेल तर जमणार नाही. तेव्हा घ्यायचं तर अख्खं फोल्डर, एकाच क्षणाचं.

१२ मे, रविवार
आजची पद्धत, पुन्हा विसरू नये म्हणून.

आधी सगळी टास्क सस्पेंड. एक मिनिट थांबायचं, हार्डडिस्कचा दिवा शांत होईपर्यंत. मग बॉइंकमधून बाहेर, नुसती खिडकी बंद करून नाही, मागे चालणारा क्लायंटही थांबला पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्यायचं. मग अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर, तारखेच्या नावानं. आठवड्यातून दोनदा, फक्त शेवटच्या दोन प्रती ठेवायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नेट. मेलेलं टास्क सर्व्हरला कळवलं गेलं की संपलं, घरातल्या प्रतीचा उपयोग नाही. म्हणून सेटिंगमध्ये नेटची वेळ ठरवून दिली, रात्री अकरा ते बारा. दिवसभरात काही मेलं तर अकरापर्यंत ते माझ्यात आणि मशीनमध्येच राहील. मॉडेलच्या मधल्या महिन्यांच्या निकालांच्या झिप फाइली आणि 'ट्रिकल' (सर्व्हरला जाणारी छोटी खबर, तिच्यावर गुण मिळतात) त्या तासात जातील, त्यांना घाई नसते.

आणखी एक जुनंच सेटिंग आज बदललं. सस्पेंड झालं तरी टास्क मेमरीत राहू द्यायचं. दिवसा आम्ही डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की बॉइंक बाजूला होतं. इतके दिवस प्रत्येक वेळी मॉडेल मेमरीतून बाहेर फेकलं जायचं आणि नंतर चेकपॉइंटपासून पुन्हा उठायचं. दिवसातून आठ-दहा वेळा उठबस. जेवढ्या वेळा उठेल तेवढ्या वेळा मरायची संधी.

१४ मे
अँटिव्हायरसनं रात्री डेटा फोल्डर तपासायला घेतलं, नेमक्या मॉडेलच्या फाइलीवर बोट ठेवून बसला, मॉडेलला लिहिता येईना. एक टास्क गेलं. यंत्राचं मरण. फोल्डर तपासणीतून वगळलं. दुपारी पहिल्यांदा पूर्ण रीस्टोअर केलं: नेट बंद, बॉइंक बंद, मेलेलं फोल्डर बाजूला, १२ तारखेचं जागेवर, चालू. आणि चाललं! ५२ टक्क्यांवर मेलेलं टास्क २९ वरून पुन्हा.

१५ मे
आनंद एक रात्र टिकला. साइटवर आता 'काउंटर' नावाची दोन मशीन दिसतात, एक जुनं आणि एक कालच जन्मलेलं. कारण शोधायला दोन तास गेले. बॉइंक सर्व्हरशी जितक्या वेळा बोलतो तितक्या वेळा एक क्रमांक वाढतो, दोन्हीकडे. मी दोन दिवस जुनी खतावणी ठेवली, त्यामुळे माझा क्रमांक सर्व्हरच्या क्रमांकापेक्षा मागे. सर्व्हरला वाटलं, कोणीतरी या मशीनची नक्कल करून दुसरीकडे लावली, आणि त्यानं नवं मशीन म्हणून नोंद केली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

उपाय सोपा. रीस्टोअरनंतर, नेट सोडण्याआधी, खतावणीच्या फाइलीत तो क्रमांक शोधून मेलेल्या फोल्डरमधल्या क्रमांकाइतका करायचा. नोटपॅड पुरतं. दोन नोंदी साइटवरून एकत्र करता येतात, त्या केल्या.

दुसरी अडचण: १२ तारखेनंतर आलेलं एक टास्क आता माझ्याकडे नाहीच, पण सर्व्हरच्या मते ते माझ्याकडे चालू आहे. असं भूत मुदत संपेपर्यंत तिथे बसून राहतं. म्हणून बॅकअपनंतर नवी टास्क घ्यायची नाहीत, किंवा नवं आलं की लगेच नवा बॅकअप.

आणि फोल्डर अख्खं मागे जातं म्हणजे धडधाकट टास्कही मागे जातात. काल एका टास्कचे अडीच दिवस वाचवण्यासाठी इतर तिघांचे प्रत्येकी दोन दिवस मी फुंकले. हा हिशोब तेव्हा केलाच नाही. बॅकअप ताजा असेल तरच रीस्टोअर करावा.

२१ मे
पोरग्यानं दुकान बंद करताना मेन स्विच खाली केला. "दादा, तुम्हीच म्हणालात ना, वळीव आला की बोर्ड बंद करायचा." म्हणालो होतो. आज वळीव होता. त्याला काय बोलणार?

चारपैकी दोन गेली. एक ७८ टक्क्यांवर.

२२ मे
बॅकअप २० तारखेच्या रात्रीचा, जेमतेम बावीस तास जुना. या वेळी आधी कागदावर गणित: ७८ वालं वाचलं तर बावीस तास वजा जाता साधारण पावणेसहा दिवस वाचतात, धडधाकट दोघांचे मिळून चव्वेचाळीस तास जातात. करायचं. नेट बंद, फोल्डर, क्रमांक दुरुस्त, चालू. सगळं पंधरा मिनिटांत. संध्याकाळपर्यंत दोन्ही मेलेली टास्क काल जिथे मेली ती जागा ओलांडून जातील असं नाही, पण चालतायत.

विजेचा हिशोबही करून पाहिला. मॉडेल चालताना मशीन ७० वॅट जास्त खातं असं धरलं तर सहा दिवसांचे दहा युनिट, चार टास्कमध्ये वाटले तर एका टास्कमागे अडीच. बिल बघून बायको म्हणते तितकं काही ते नाही.

२४ मे
दोन्ही टास्क मेल्या जागेच्या पुढे गेली. सुरळीत. यंत्राचंच मरण होतं हे नक्की.

पोरग्यानं बोर्डाजवळ पुठ्ठ्यावर लिहून लावलंय: 'आधी सस्पेंड, मग एक मिनिट, मग शटडाउन, मग बोर्ड.' अक्षर पत्रिकेच्या फाँटसारखं वळणदार.

२७ मे
आज आलेल्या टास्कच्या शेवटी दोनचा आकडा. म्हणजे तिसरा प्रयत्न. आधीचे दोन कोण कसे मेले ते साइटवर बघितलं. पहिलं एका लिनक्स मशीनवर काही सेकंदांतच गेलं. ही मॉडेलं अजून ३२-बिट आहेत, ६४-बिट लिनक्सवर ३२-बिटच्या लायब्ररी वेगळ्या टाकाव्या लागतात. त्या नसल्या की जे येईल ते सेकंदात मरतं, आणि मालकाला पत्ताही नसतो. दुसरं एका विंडोज मशीनवर तीन दिवसांनी, अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. म्हणजे त्या हवेला अजून नीट संधीच मिळालेली नाही. माझ्याकडेही मेलं तर 'टू मेनी एरर्स' म्हणून हे वर्क युनिट बंद होणार, पुन्हा कोणाला जाणार नाही.

याला जपायचं. रोज रात्री बॅकअप.

२ जून, रविवार
तिसऱ्या प्रयत्नवालं टास्क ५७ टक्क्यांवर गेलं. वीज होती, यूपीएसला नवी बॅटरी आहे, कोणी हात लावला नाही. लॉग उघडला: इनव्हॅलिड थीटा.

मॉडेलनं स्वतः पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, रडका चेहरा. नेट अकरापर्यंत बंद आहे. काल रात्रीचा बॅकअप लावला. ५१ पासून चालू.

३ जून
त्याच जागी मेलं. मॉडेलच्या दिनदर्शिकेतला तोच दिवस.

आता हे समजायला सोपं आहे. तेच मशीन, तोच चेकपॉइंट, तेच आकडे, त्यामुळे गणित त्याच वाटेनं जाऊन त्याच खड्ड्यात पडणार. यंत्राची चूक असती तर दुसऱ्या वेळी पार झालं असतं, २४ तारखेला झालं तसं. हीच माझी आता कसोटी: एकदा रीस्टोअर करून पाहायचं, पुढे गेलं तर यंत्र, तिथेच मेलं तर हवा.

३१ मेचा बॅकअप अजून आहे. ४५ टक्क्यांचा. तोही लावून पाहावा का? रात्रभर विचार. (दुसऱ्याच्या लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची टाकली त्या नादात. पोरग्यानं पकडलं.)

४ जून
लावला नाही. कळवू दिलं.

का, ते लिहून ठेवतो, कारण दोन महिन्यांनी मलाच पटणार नाही.

या धावा कशासाठी असतात? २०११ मध्ये 'नेचर'मध्ये याच प्रकल्पाच्या धावांवरून एक अभ्यास आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० सालच्या शरदात मोठे पूर आले होते. हजारो धावा दोन जगांच्या केल्या: एक जसं होतं तसं जग, दुसरं माणसानं हरितगृह वायू सोडलेच नसते तर असतं तसं. दोन्हींत तसा पूर किती वेळा येतो ते मोजलं. उत्तर निघालं की दहापैकी नऊ पडताळ्यांत माणसाच्या वायूंमुळे पुराचा धोका २० टक्क्यांहून जास्त वाढला, आणि तीनपैकी दोनांत ९० टक्क्यांहून जास्त. एका धावेवरून हे कळत नाही. पूर म्हणजे क्वचितची गोष्ट, ती ढिगाच्या अगदी कडेला असते. ती कड नीट दिसावी म्हणून एवढा मोठा ढीग लागतो.

आता माझी मरणं त्या ढिगात ठेवून बघतो. वळवानं वीज गेली, पोरग्यानं बोर्ड पाडला, अँटिव्हायरस आडवा आला, यातलं काहीही मॉडेलच्या आत काय हवा चालली होती ते बघून होत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं कोणतंही टास्क जातं. ढीग थोडा लहान होतो, आकार तोच राहतो. शिवाय ती धाव दुसऱ्या कोणाकडे पुन्हा जाते. हवेच्या मरणाचं तसं नाही. ते जिथे वारा पराकोटीचा, ढग पराकोटीचे, तिथेच व्हायची शक्यता जास्त. म्हणजे गळतात ती कडेचीच. गळाली हे कळलंच नाही तर कड आहे त्याहून सौम्य दिसेल.

थोडक्यात महिनाभर मी ज्याच्यासाठी धडपडलो ते गेलं असतं तरी विज्ञानाचं फारसं बिघडत नव्हतं. वीज वाचली, माझा इगो वाचला. आणि ज्याच्यात खरी माहिती होती ते मला वाचवता येत नाही. ४५ वरून लावून, किंवा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेऊन, दशांश चिन्हापुढच्या कुठल्या तरी बाराव्या आकड्यात फरक पडून कदाचित ते खड्डा चुकवून गेलंही असतं. पण मग ती त्यांनी मागितलेली धाव राहिली नसती, आणि इथे खड्डा आहे ही खबर मी खाऊन टाकली असती. 'इनव्हॅलिड थीटा' हेही उत्तरच आहे, लॉगसकट जाऊ दे.

रात्री अकरा वाजून दोन मिनिटांनी गेलं. साइटवर वर्क युनिट बंद.

५ जून
वरचं वाचून एक शंका. मग २७ मेच्या त्या दुसऱ्या मशीनवरचं मरण यंत्राचं होतं हे कशावरून? अ‍ॅक्सेस व्हायोलेशनवरून मी धरलं. पण आकडा फुटून एखाद्या तक्त्याच्या बाहेर वाचायला गेलं तरी तीच ओळ उमटेल. ते तीन दिवसांनी गेलं होतं, त्याच्या मशीनचा वेग माहीत नसल्यानं तीच जागा की नाही सांगता येत नाही. त्याच्या ट्रिकलवरून निघेल का? बघायचं.

९ जून, रविवार
निघालं, अर्धवट. शेवटची ट्रिकल माझ्या खड्ड्याच्या बऱ्याच आधीची. तेव्हा ते बहुधा यंत्राचंच. 'बहुधा' ठेवतो.

१३ जून
पाऊस लागला. मॉडेलमधला नाही, खरा. रात्रभर वीज चार वेळा गेली-आली, यूपीएसनं सगळं झेललं. चारही टास्क चालू.

१९ जून
२२ मेला उठवलेल्या दोघांपैकी ७८ वालं गेल्याच महिन्यात पूर्ण होऊन गेलं होतं, ते लिहायचं राहिलं. दुसरं काल संपलं. शेवटची झिप रात्री अकरानंतर वर चढली, पाच मिनिटं लागली.

पत्रिकांचा हंगाम संपला, आता शाळांची प्रवेशपत्रकं. डिस्कवर जागा हवी म्हणून मे महिन्याचे बॅकअप काढून टाकले. ३१ मेचा तेवढा अजून ठेवलाय.